वाचकांचे प्रश्न : बुरशीचा संशय, पथ्य आणि कॅप्सूल

या अंकासाठी कॅन्डिडा या बुरशीवरचेच प्रश्न निवडले आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट वारंवार दिसली. त्रास खरा असतो, पण त्याला नाव आधी मिळतं आणि तपासणी मागून होते, कधी होतच नाही. उत्तरं पोटविकार, स्त्रीरोग आणि आहारशास्त्र या विषयांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत. औषधांच्या मात्रा समजण्यासाठी दिल्या आहेत, औषध मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे. वर्षभर पोट फुगतं, जेवल्यावर गळून जायला होतं, दुपारी डोकं चालत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं. सकाळी उठल्यावर पाण्याच्या ग्लासात थुंकण्याची चाचणी केली, तर थुंकीचे धागे तळाशी गेले. ‘आतड्यात कॅन्डिडा वाढलाय’ असं सांगून मला तीन महिन्यांचं कडक पथ्य दिलं आहे. सुरू करू का?

उत्तर : लगेच नको. आधी दोन आठवडे तपासण्यांसाठी द्या, आणि तोवर जेवणात काहीही बदलू नका. असं का, ते पुढे येईलच.

थुंकीच्या चाचणीवरून काहीच कळत नाही. लाळेत पाण्याबरोबर म्युसिन नावाची चिकट प्रथिनं असतात. रात्रभर तोंड कोरडं पडलं की लाळ दाट होते आणि तिचे धागे खाली बसतात. तोंडात बुरशी असो वा नसो, हे होतंच. शिवाय कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात कायमची राहायलाच असते. त्यामुळे शौचाच्या तपासणीत ‘कॅन्डिडा आढळला’ असं आलं, तरी तेवढ्यावरून आजार ठरत नाही. रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडीचंही तसंच आहे. शरीराची त्या बुरशीशी कधीतरी गाठ पडली होती एवढंच त्यातून समजतं, आणि ती जवळपास प्रत्येकाची पडलेली असते.

कॅन्डिडाचा आजार मग नक्की कुठे होतो? तोंडात, घशात, अन्ननलिकेत, योनिमार्गात, त्वचेच्या घड्यांत. यातला बराचसा डोळ्यांनी आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो. रक्तात शिरलेला कॅन्डिडा ही अतिदक्षता विभागातली, जिवावर बेतणारी गोष्ट आहे, तिचा तुमच्या लक्षणांशी संबंध नाही. लहान आतड्यात बुरशी वाढण्याचाही एक प्रकार डॉक्टर मानतात. तो ठरवताना दुर्बिणीतून आतड्यातला द्रव काढतात आणि प्रयोगशाळेत बुरशी वाढवून मोजतात. मिलिलिटरमागे १००० किंवा त्याहून जास्त वसाहती भरल्या तर ती वाढ मानली जाते. आतड्याची हालचाल मंद असणं, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणं, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली असणं, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं चालू असणं, यांपैकी काही असेल तर पोटविकारतज्ज्ञांशी हे जरूर बोला. काहीच नसेल, तर तुमच्या तक्रारींमागे दुसरं कारण असण्याची शक्यता बरीच अधिक आहे.

थकवा, उदासी, डोकं बधिर होणं, गोडाची ओढ हे सगळं बुरशीमुळे होतं ही कल्पना अमेरिकेतल्या ट्रस आणि क्रूक या डॉक्टरांनी १९८०च्या सुमारास लोकप्रिय केली. १९९० साली ती नीट तपासून पाहिली गेली. असा त्रास असलेल्या ४२ स्त्रियांना काही काळ निस्टॅटिन हे बुरशीनाशक आणि काही काळ तसंच दिसणारं बिनऔषधी द्रव्य दिलं. केव्हा काय चालू आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. योनिमार्गाचा त्रास निस्टॅटिनने कमी झाला. थकवा आणि उदासी मात्र दोन्हींनी सारखीच कमी झाली. त्या स्त्रियांचा थकवा खराच होता, फक्त तो बुरशीमुळे आलेला नव्हता. तुमच्याबाबतही आम्ही तेच धरून चाललो आहोत.

म्हणून डॉक्टरांकडून या तपासण्या लिहून घ्या : हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२, टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि सिलिअ‍ॅक आजारासाठी (यात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते) टीटीजी-आयजीए. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं आणि तेवढ्यानेही माणूस गळून जातो, मासिक पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर विशेषच. एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आला तर तो मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. मधुमेहात थकवाही येतो आणि बुरशीही खरोखर वाढते, त्यामुळे ही तपासणी वगळू नका.

आता जेवण का बदलायचं नाही ते. टीटीजी ही चाचणी ग्लूटेन पोटात जात असेल तरच खरं उत्तर देते. कॅन्डिडाच्या पथ्यात पहिल्याच दिवशी गहू सुटतो. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी चाचणी केली की ती खोटीच ‘ठीक’ येऊ शकते, आणि सिलिअ‍ॅक वर्षानुवर्षं लपून राहतो. तुम्ही गहू आधीच सोडला असेल, तर दिवसातल्या एकाहून जास्त जेवणांत तो परत आणा, किमान सहा आठवडे खा आणि मगच रक्त द्या.

काही लक्षणं असतील तर थांबू नका : न ठरवता घटलेलं वजन, शौचातून रक्त, गिळताना अडकणं किंवा दुखणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रेंगाळणारा ताप. आणि पन्नाशीनंतर नव्याने सुरू होऊन जवळजवळ रोज राहणारं पोट फुगणं. त्यात अंडाशयाची तपासणी आधी व्हायला हवी. ‘बुरशी असेल’ म्हणून त्यातले महिने वाया गेलेले आम्हाला पाहवत नाहीत.

प्रश्न : पाच आठवड्यांपूर्वी साखर, फळं, पाव, दूध, चीज, मशरूम, व्हिनेगर आणि दारू सगळं बंद केलं. पोट एकदम हलकं झालं, झोपही सुधारली. म्हणजे बुरशीच होती ना? आता हे आयुष्यभर करायचं का? वजन सहा किलोंनी उतरलंय आणि घरचे काळजी करतात.

उत्तर : बरं वाटलं हे महत्त्वाचं आहे, ते हातचं घालवायचं नाही. पण तुम्ही एकाच वेळी आठ गोष्टी बंद केल्यात, त्यामुळे कशाने बरं वाटलं ते अजून कळलेलं नाही.

‘साखर बंद केली की बुरशी उपाशी मरते’ हे ऐकायला पटतं. साधी साखर मात्र लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषली जाते, आणि बुरशीची मोठी वस्ती असते खूप खाली. जर्मनीत २८ निरोगी माणसांना मुद्दाम जास्त साखर खायला घालून त्यांच्या आतड्यातला कॅन्डिडा मोजला. १९९९ साली ते निष्कर्ष आले, आणि साखरेचा परिणाम नगण्य निघाला. रक्तातली साखर तर तुम्ही कार्बोहायड्रेट पूर्ण सोडलीत तरी शरीर ठरावीक पातळीवर राखतंच, यकृत ती तयार करतं. अनियंत्रित मधुमेहाची गोष्ट वेगळी. तिथे रक्तात, लघवीत आणि लाळेत साखर वाढलेली असते, आणि ती आटोक्यात आणणं हाच बुरशीवरचा उपाय असतो.

मग पोट हलकं का झालं? दुधातली लॅक्टोज, गव्हातले आणि कांदा-लसणातले फ्रुक्टॅन, सफरचंद आणि मधातलं फ्रुक्टोज, मशरूममधलं मॅनिटॉल ही कमी शोषली जाणारी कार्बोहायड्रेटं मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जीवाणू ती आंबवतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं आणि पोट डब्ब होतं. त्यांना एकत्रितपणे फॉडमॅप म्हणतात. कॅन्डिडाच्या पथ्यात यातली बरीचशी नकळत बाद होतात. दारू थांबली म्हणून झोप सुधारली असणार, हेही उघड आहे.

पावातल्या यीस्टला घाबरू नका. ते वेगळ्या जातीचं असतं आणि भाजताना मरतं. मशरूम ही बुरशी असली तरी ती खाऊन कॅन्डिडा वाढत नाही. व्हिनेगरचंही तसंच.

आता एकेक पदार्थ परत आणायचा. पाच आठवडे पुरेत. फॉडमॅपचं पथ्यही दोन ते सहा आठवड्यांचंच असतं. पद्धत अशी : बाकी जेवण आहे तसंच ठेवा. एक पदार्थ निवडा, तीन दिवस चढत्या प्रमाणात घ्या, नंतर तीन दिवस तो पूर्ण बंद ठेवा आणि मग पुढचा घ्या. दूध पहिल्या दिवशी ६० मिली, दुसऱ्या दिवशी १२५, तिसऱ्या दिवशी २५०. गव्हाचा पाव एक, दोन, तीन स्लाइस. मध एक लहान चमचा, दोन, तीन. लसूण पाव पाकळी, अर्धी, एक. मशरूम पाव वाटी, अर्धी, एक. वहीत वेळ, प्रमाण आणि त्रास शून्य ते दहा असा लिहून ठेवा. दुसऱ्याच दिवशी त्रास सातच्या वर गेला तर तिथेच थांबा. त्या पदार्थाची तुमची मर्यादा पहिल्या दिवसाचं प्रमाण ही समजायची.

इथे चुका ठरलेल्या होतात. एकाच दिवशी दूध आणि पाव दोन्ही आणले जातात. मासिक पाळीच्या आधीचे दिवस निवडले जातात, तेव्हा पोट एरवीही फुगतं. आणि ‘शुगर-फ्री’ गोळ्या, च्युइंग गम, प्रोटीन बार चालूच राहतात. त्यांत सॉर्बिटॉल, माल्टिटॉल किंवा झायलिटॉल असतं. ही साखर नसली तरी पोट फुगवण्यात मागे नाहीत. कॅन्डिडाच्या पथ्यातली माणसं नेमकी याच गोष्टी जास्त खातात आणि आठव्या दिवशी ‘बुरशी परत आली’ म्हणतात.

सहा किलो पाच आठवड्यांत हे जास्त आहे. वजन आधीच मध्यम असेल तर आजपासूनच अन्न वाढवा : भात, ओट्स, बटाटा, अंडी, मासे किंवा टोफू, तेल, सुकामेव्यातले अक्रोड, आणि दिवसाला दोन फळं, केळं जरा कच्चट, संत्रं, द्राक्षं. प्रथिनं शरीराच्या किलोमागे निदान ०.८ ग्रॅम हवीत, म्हणजे ६० किलोंच्या माणसाला ४८ ग्रॅम. तंतू दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, पण हळूहळू वाढवा. वरून घातलेली साखर मात्र कमीच राहू द्या, २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा लहान चमचे. दात, यकृत आणि वजन या सगळ्यांसाठी ते चांगलंच आहे, त्याला बुरशीचं कारण लागत नाही.

प्रश्न : मला कॅप्रिलिक अ‍ॅसिड, ओरेगॅनो तेल, ग्रेपफ्रूट बियांचा अर्क, बर्बेरिन, बायोटिन १० मिलिग्रॅम, सॅकरोमायसिस बुलार्डी आणि रात्री बेंटोनाइट माती असं सगळं दिलंय. थायरॉइडची गोळी अनेक वर्षं चालू आहे. यातलं काय ठेवू?

उत्तर : सगळ्यात आधी माती बंद करा. ती आतड्यात औषधं धरून ठेवते. थायरॉइडची गोळी अशा पदार्थांसोबत नीट शोषली जात नाही. काही माती-उत्पादनांत शिसंही आढळलं आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवाव्या लागतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

त्यानंतर बायोटिन. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम लागतं. तुमच्या कॅप्सूलमध्ये त्याच्या तीनशेपट आहे. एवढ्या बायोटिनने थायरॉइडची रक्ततपासणीच चुकते. टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसू शकतं. मग डॉक्टर तुमची गोळी विनाकारण कमी करतील आणि थकवा वाढेल, आणि तो वाढला की पुन्हा बुरशीच्याच माथी मारला जाईल. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बायोटिन बंद हवं. आम्ही म्हणू, कायमचंच बंद करा.

कॅप्रिलिक अ‍ॅसिड नारळाच्या तेलातही असतं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते बुरशी मारतं, याबद्दल वाद नाही. पोटात मात्र ते वरच्या आतड्यातच भराभर शोषलं जातं, आणि माणसांवरचा भक्कम पुरावा नाही. मळमळ आणि पातळ शौच हे त्याचे नेहमीचे परिणाम. ओरेगॅनो तेलातला कार्व्हाक्रोल तोंडाचं आणि जठराचं अस्तर जाळतो, न पातळ करता ते जिभेवर कधीच घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा दिवस गेले असतील, तर ते टाळाच.

ग्रेपफ्रूट बियांच्या अर्काबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बाजारातले काही अर्क प्रयोगशाळांनी तपासले, तेव्हा त्यांत बेंझेथोनियम क्लोराइडसारखी कृत्रिम जंतुनाशकं सापडली, आणि जंतू मारण्याची ताकद त्यांचीच होती. जंतुनाशक पोटात घेण्याचं काही कारण नाही.

बर्बेरिन हे खरंखुरं प्रभावी द्रव्य आहे, म्हणूनच जपून. ते रक्तातली साखर उतरवतं आणि यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांना अडवतं. मधुमेहाची, हृदयाची किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणाऱ्यांनी ते स्वतःहून घेऊ नये, आणि गर्भवतींनी अजिबात नाही.

सॅकरोमायसिस बुलार्डी हे स्वतःच यीस्ट आहे, पावाच्या यीस्टचाच एक वाण. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला त्याचा उपयोग होतो, नेहमीची मात्रा २५० ते ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. कॅन्डिडा हटवण्यासाठी त्याचा भरवसा देता येत नाही. फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक चालू असताना ते घेणं फुकट जातं, कारण औषध त्यालाही मारतं. आणि ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी बसवलेली आहे किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी आहे, अशांच्या जवळपाससुद्धा ही कॅप्सूल उघडू नये. यीस्ट हातावरून नळीत आणि नळीतून रक्तात गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

म्हणजे यादीतलं ठेवण्यासारखं काहीच उरत नाही. फेरिटिन, बी १२ किंवा ड जीवनसत्त्व कमी आलं, तर त्या पैशांत ते भरून काढा.

प्रश्न : सप्लिमेंट सुरू केल्यापासून डोकेदुखी, अंगावर पुरळ आणि जुलाब आहेत. ‘बुरशी मरतेय, विषं बाहेर पडतायत, मात्रा वाढवा’ असं सांगितलं गेलं. तीन आठवडे झाले.

उत्तर : मात्रा वाढवू नका, आजच सगळं थांबवा.

जंतू मरताना ताप आणि थंडी येण्याची प्रतिक्रिया वैद्यकात आहे. यारिश आणि हर्क्सहायमर या त्वचारोगतज्ज्ञांनी ती सिफिलिसच्या उपचारात नोंदवली. ती औषध दिल्यावर काही तासांत येते आणि साधारण एका दिवसात ओसरते. तीन आठवडे चालणारी प्रतिक्रिया त्यात बसत नाही.

पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी बहुधा कॉफी-चहा सोडल्याची. ती १२ ते २४ तासांत सुरू होते, दुसऱ्या दिवशी जोर धरते आणि नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकते. कार्बोहायड्रेट एकदम तोडली की शरीर पाणी आणि मीठही टाकतं, त्याने चक्कर आणि डोकेदुखी होते. मीठ-पाणी वाढवलं की फरक पडतो. जुलाब कॅप्रिलिक अ‍ॅसिड, मॅग्नेशियम किंवा भरमसाट क जीवनसत्त्वाचे असतात. पुरळ मात्र अ‍ॅलर्जी समजायची. ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज, श्वास लागणं, त्वचेवर फोड यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालयात. लघवी गडद, डोळे पिवळे किंवा सर्वांगाला खाज असेल तर यकृताच्या तपासण्या त्याच दिवशी.

थांबवल्यावर सगळं आठवड्याभरात निवळलं, तर कारण मिळालं. पुढे गरज पडली तर एका वेळी एकच गोष्ट सुरू करा.

प्रश्न : वर्षात पाच वेळा अंगावरून पांढरं गेलं आणि खाज सुटली. दर वेळी मीच औषधाच्या दुकानातून क्रीम आणते. थोडे दिवस बरं, मग परत तेच. लसूण आणि दही खाऊन पाहिलं. पथ्याने हे कायमचं जाईल का?

उत्तर : कॅन्डिडाचा हा त्रास अगदी खरा आहे. चारातल्या तीन स्त्रियांना तो आयुष्यात एकदा तरी होतो. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झाला तर त्याला वारंवार होणारा म्हणतात, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

पण तो पाचही वेळा कॅन्डिडाच होता का? स्वतःहून बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या स्त्रियांची तपासणी केलेला एक अभ्यास २००२ साली आला. त्यात फक्त एकतृतीयांश स्त्रियांना निव्वळ कॅन्डिडा होता. बाकीच्यांत जीवाणूंचा असमतोल, ट्रायकोमोनास हा परजीवी, साबणाची अ‍ॅलर्जी अशी कारणं निघाली, काहींत काहीच निघालं नाही. म्हणून पुढच्या वेळी खाज सुटली की क्रीम लावण्याआधी डॉक्टरांकडे जा. स्रावाचा पीएच पाहतात, कॅन्डिडात तो बहुधा ४.५च्या आत राहतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून स्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आणि तुमच्यासारख्या वारंवार त्रासात कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून, बुरशीची जात ठरवणं आवश्यक आहे, कारण ग्लाब्राटा ही जात फ्लुकोनॅझोलला फारशी दाद देत नाही. तिच्यासाठी बोरिक अ‍ॅसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या योनिमार्गात ठेवायच्या कॅप्सूल तीन आठवडे देतात. त्या गिळल्या तर विषारी असतात. मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि गर्भारपणात त्या वर्ज्य आहेत.

जात अल्बिकन्स निघाली, तर फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन गोळ्या, आणि मग आठवड्याला एक अशी सहा महिने, हा मानला गेलेला क्रम आहे. ३८७ स्त्रियांवरच्या २००४च्या अभ्यासात सहा महिन्यांअखेर ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया त्रासमुक्त होत्या. औषध बंद झाल्यावर वर्षाअखेर हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आलं. म्हणजे काहींना ते परत घ्यावं लागतं, आणि त्यात तुमची काही चूक नसते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि मधुमेहाच्या काही गोळ्या यांच्याशी फ्लुकोनॅझोलचं वाकडं आहे, आणि गर्भारपणात ते टाळतात. त्यामुळे चालू औषधांची पूर्ण यादी सोबत न्या. त्या यादीत मधुमेहावरचं डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर वारंवार होण्याचं कारण कदाचित तिथेच आहे. ही औषधं साखर लघवीवाटे टाकतात.

लसणाच्या गोळ्या दोन आठवडे देऊन पाहिलेल्या अभ्यासात योनिमार्गातल्या बुरशीच्या संख्येत फरक पडला नाही. पाकळी आत ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, नाजूक त्वचा भाजते. रोज साधारण वाटीभर जिवंत जीवाणूंचं दही खाल्ल्याने फायदा दिसलेला एक जुना अभ्यास आहे, पण तो शेवटपर्यंत फक्त १३ जणींनी पूर्ण केला. दही आवडत असेल तर खा, उपचार म्हणून त्यावर विसंबू नका.

आतून पाण्याने धुणं, सुगंधी साबण, रोजचे सुगंधी पॅड बंद करा. बाहेरून साधं पाणी पुरे. तेलकट क्रीम वापरत असाल त्या दिवसांत लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो, हेही ध्यानात ठेवा. जोडीदाराला लक्षणं नसतील तर त्याला औषधाची गरज नाही.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, कवळी आहे, दम्यासाठी स्टेरॉइडचा इन्हेलर आहे. जिभेवर आणि टाळूवर पांढरे डाग येतात, औषधाने जातात आणि महिन्याभरात परत येतात. गोड बंद केलंय, तरी.

उत्तर : इथे गोडाकडे पाहण्याआधी कवळी आणि इन्हेलरकडे पाहा. बुरशी कवळीच्या प्लॅस्टिकवर थर करून राहते. तोंडात औषध घातलं आणि कवळी तशीच ठेवली, तर ती तिथून परत येते.

निस्टॅटिनचं द्रव औषध, मिलिलिटरमागे एक लाख युनिट, ४ ते ६ मिली दिवसातून चार वेळा. कवळी काढून ते तोंडात जमेल तितकं घोळवायचं आणि मग गिळायचं. ७ ते १४ दिवस घ्यायचं, आणि डाग गेल्यावरही दोन दिवस चालू ठेवायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं, तिसऱ्या दिवशी बरं दिसलं की बाटली बंद होते. कवळी रोज रात्री काढा, ब्रशने घासा, क्लोरहेक्सिडिनमध्ये १५ मिनिटं बुडवून ठेवा आणि नीट धुवा. क्लोरहेक्सिडिन आणि निस्टॅटिन एकत्र आले की औषध निकामी होतं. दोन्हींत किमान अर्धा तास जाऊ द्या.

इन्हेलरला स्पेसर (तोंड आणि इन्हेलर यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावा. प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. इन्हेलर मात्र बंद करायचा नाही. वडील वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेत असतील तर मायकोनॅझोल या बुरशीनाशकाचं तोंडात लावायचं जेल नको, रक्त धोकादायक इतकं पातळ होतं.

डाग कापसाने पुसला जातो का पाहा. पुसून खाली लाल पृष्ठभाग दिसला तर तो बहुधा कॅन्डिडा. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, विशेषतः तंबाखूची सवय असेल तर, दंतवैद्याला दाखवायलाच हवा. गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते, तिथे तोंडातलं औषध पुरत नाही. एचबीए१सी, फेरिटिन आणि बी १२ त्यांचंही करून घ्या.

प्रश्न : ‘आतडं साफ करणारं’ चूर्ण घेतल्यावर शौचातून लांब, रबरासारखे पांढरट दोर पडतात. ही बुरशी का?

उत्तर : नाही. अशा चूर्णांत इसबगोल आणि माती असते. पाण्याने फुगून त्यांचा आतड्याच्या आकाराचा साचा तयार होतो आणि सोबत आतड्यातला शेंबूड येतो. चूर्ण थांबवलं की दोर थांबतात. चूर्ण नसतानाही शेंबूड पडत राहिला किंवा त्यात रक्त असेल, तर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असल्यास वाढणारं प्रथिन) तपासून घ्या.

प्रश्न : दातासाठी पाच दिवसांचं अँटिबायोटिक सुरू झालंय. बुरशी होऊ नये म्हणून आधीच प्रोबायोटिक घेऊ का?

उत्तर : जुलाब टाळण्यासाठी घ्यायचं असेल तर हरकत नाही, अँटिबायोटिकपासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. योनिमार्गातली बुरशी मात्र त्याने टळत नाही. २००४ साली दोनशेहून अधिक स्त्रियांवर हे तपासलं, आणि लॅक्टोबॅसिलस हे प्रोबायोटिक जीवाणू तोंडाने घ्या, योनिमार्गात ठेवा किंवा दोन्ही करा, फरक पडला नाही. बुरशीच्या भीतीने अँटिबायोटिक अर्ध्यात सोडू नका. याआधी अँटिबायोटिकनंतर दर वेळी खाज सुटली असेल, तर ते आत्ताच डॉक्टरांना सांगा. ते अशा वेळी फ्लुकोनॅझोलची गोळी आधीच लिहून देऊ शकतात.